टोचन लावण्याआधी

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

जूनपासून आलेल्या पत्रांमध्ये बंद गाडी ओढून नेण्याबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यामुळे या अंकातलं सगळं सदर टोचनालाच दिलं आहे. लांब पत्रं आटोपशीर केली आहेत, मुद्दे तेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी लातूरला गॅरेज चालवतो. मुलगी-जावई अमेरिकेत टेक्सासमध्ये असतात. त्यांनी जुनं मोटरहोम घेतलं आहे, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली बसएवढी गाडी. तिच्यामागे छोटी पिकअप चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्यायची आणि मुक्कामी पोचल्यावर पिकअपने फिरायचं, असा त्यांचा बेत आहे. जावईबापू म्हणतात, मॅन्युअल गिअरची गाडी घ्यायची, न्यूट्रल टाकायचं आणि हजार किलोमीटर न्यायची, काही होत नाही. मला पटत नाही. आणि आपल्याकडे कुणी असं केलं तर चालतं का?

तुमची शंका रास्त आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा संबंध तुटतो, चाकांचा नाही. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप ओढली की मागच्या अ‍ॅक्सलमधलं डिफरन्शियल फिरतं, त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा लांब प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही फिरतो. इंजिन बंद असल्यामुळे इंजिनाकडून फिरणारा इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेला खालचा ले शाफ्ट मात्र जागच्या जागी उभे राहतात. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाला पंप नसतो, ते शिंतोड्यांनीच वर पोचतं आणि ते उडवण्याचं काम मुख्यतः तेलात बुडालेल्या ले शाफ्टचे गिअर करतात. तोच उभा राहिला की तेल तळाला पडून राहतं. वर मेन शाफ्ट मात्र थांबलेल्या गिअरांच्या पोटातून गरगर फिरत असतो. मधली, बारीक सुयांसारख्या रुळांची निडल बेअरिंगं कोरडी पडतात, मेन शाफ्टचं पुढचं टोक इनपुट शाफ्टमध्ये टेकतं तिथलं पायलट बेअरिंगही कोरडं पडतं. असा गिअरबॉक्स तुमच्या टेबलावर आला तर तेल पुरेपूर भरलेलं दिसेल, गिअरांचे दातही शाबूत असतील, पण निडलच्या जागी शाफ्ट निळा पडलेला आणि ओरखडलेला सापडेल. मोटरहोम चालवणाऱ्याला यातलं काहीही ऐकू येत नाही, हा त्यातला मोठा धोका.

त्यामुळे गाडी मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक, यावरून निकाल लागत नाही. चाकं फिरताना गिअरबॉक्सच्या आत काय फिरतं आणि त्याला तेल कोण देतं, हे पाहावं लागतं. जीप ग्लॅडिएटर ही पिकअप घ्या. तिला ट्रान्सफर केस आहे, म्हणजे गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. ओढताना ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायची आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवायचा, असं कंपनीच सांगते. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. गिअरबॉक्स पूर्ण थांबलेला राहतो आणि फिरणाऱ्या ट्रान्सफर केसला तिचा स्वतःचा तेलपंप असतो. याउलट, इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाणाऱ्या काही साध्या मॅन्युअल गाड्यांना कंपनी असं ओढायला साफ मनाई करते. म्हणून गाडी विकत घेण्याआधी त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या आणि त्याच गिअरबॉक्सच्या मॉडेलचं मालकपुस्तक उघडून ओढण्याचा भाग वाचायला सांगा. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. परवानगी नसेल तर तीन वाटा उरतात. दर वेळी प्रोपेलर शाफ्ट काढायचा, शाफ्ट बसल्या जागी सोडवणारी यंत्रणा बसवून घ्यायची, किंवा पिकअप ट्रेलरवर चढवायची. ट्रेलर धरला तर त्याचं वजन मागे ओढायच्या वजनात मिळवावं लागतं.

वजनाचा हिशेब दोन ठिकाणी बसला पाहिजे. एक, मोटरहोमच्या मागच्या हिचची, म्हणजे जोडकडीची, मर्यादा. पेट्रोलवर चालणाऱ्या पुष्कळ मोटरहोमांना ती ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो असते. दोन, मोटरहोम आणि मागची गाडी मिळून कंपनीने ठरवलेली एकूण मर्यादा. पाण्याच्या टाक्या, गॅस, सामान आणि माणसं भरल्यावर जे उरेल तेवढंच मागे लावायचं. कागदावरचं रिकामं वजन धरून चालत नाही, भरलेलं मोटरहोम काट्यावर नेऊन वजन करून घ्यावं.

जोडणीत पिकअपच्या चासीला बोल्टने बसणारी बेस प्लेट, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा टो बार, दोन सेफ्टी चेन, मागच्या दिव्यांची वायरिंग आणि पिकअपचा ब्रेक दाबणारी स्वतंत्र यंत्रणा येते. चेन बारच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. बार निसटला तर तो चेनच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. बार जवळजवळ सपाट हवा, दोन्ही टोकांच्या उंचीत तीन इंचांपेक्षा जास्त फरक नको. फरक जास्त असेल तर ब्रेक मारताना पिकअपचा भार बारला वर किंवा खाली ढकलतो. दिव्यांच्या वायरीत डायोड लागतात, नाहीतर मोटरहोमचा करंट पिकअपच्या वायरिंगमध्ये उलटा शिरतो. ब्रेकची यंत्रणा कायद्याने कुठे, किती वजनाला सक्तीची, हे तिथे राज्याराज्यांत वेगळं आहे. पण पावणेदोन टन पाठीशी घेऊन उतारावर निव्वळ मोटरहोमच्या ब्रेकवर विसंबणं कोणत्याही राज्यात शहाणपणाचं नाही. त्या यंत्रणेबरोबर जोडणी तुटताच पिकअपचे ब्रेक आपोआप लावणारा स्विचही घ्यायला सांगा.

एक गोष्ट जावयांना ठळक अक्षरांत लिहून पाठवा. जोडलेली असताना गाडी मागे घ्यायची नाही, दहा फूटही नाही. पुढे जाताना पिकअपची पुढची चाकं कॅस्टरमुळे, म्हणजे त्यांच्या बसवणीतल्या तिरपेपणामुळे, आपोआप मागोमाग वळतात. रिव्हर्सला तीच चाकं उलटी फिरून एका बाजूला पूर्ण वळतात आणि पिकअप आडवी होते. मग बार वाकतो, नाहीतर स्टिअरिंगचे टाय रॉड. पंपावर किंवा पार्किंगमध्ये अडकलात तर पिकअप सोडायची, मोटरहोम काढायचं आणि पुन्हा जोडायचं. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून चावी आत ठेवावी लागते आणि त्यात रात्रीतून बॅटरी उतरू शकते. मोटरहोमकडून चार्जिंगची वायर घ्यावी किंवा मालकपुस्तकात सांगितलेला फ्यूज काढावा.

आता आपल्याकडचं. आपल्या रस्ते-नियमांप्रमाणे एका मोटारीने दुसरी ओढायची तर ती दुसरी बिघडलेली, किंवा कारखान्यातून पूर्ण जुळणी न होता निघालेली असावी लागते. नाहीतर नोंदणी केलेला ट्रेलर किंवा साइडकार असावी लागते. बिघडलेली गाडीही जवळच्या गॅरेजपर्यंतच. चांगली चालती पिकअप मोटरहोममागे लावून वेरूळ-अजिंठा फिरणं त्यात बसत नाही. इथे कॅरव्हॅनने फिरायचं असेल तर छोटी गाडी वेगळी चालवत न्यावी.

प्रश्न : आमच्या बोलेरो पिकअपचा क्लच अंबाजोगाईत गेला. गाडी लातूरला न्यायची होती. चुलतभावाने त्याच्या पिकअपला दोर बांधून न्यूट्रलमध्ये ओढत नेली. दोर वाटेत तुटला आणि एकदा मागची गाडी पुढचीवर आदळली. क्लच नवीन टाकला, पण आता गिअरबॉक्समधून घरघर येते. हे टोचनामुळे झालं का? पुढच्या वेळी काय करायचं?

आधी घरघर कुठून येते ते ओळखा. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगचा दोष आहे, टोचनाचा त्याच्याशी संबंध नाही. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर इनपुट शाफ्टचं किंवा ले शाफ्टचं बेअरिंग बघा, तेही सहसा टोचनाने जात नाही. उभ्या गाडीत काहीच आवाज नाही, पण पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात धावताना घरघर आणि चौथ्यात ती एकदम कमी, असं असेल तर संशय पायलट बेअरिंगवर जातो. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा सरळ असतो. त्यात इनपुट आणि मेन शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणून मधलं बेअरिंग शांत होतं. हा टोचनाचा घाव असू शकतो.

खात्रीसाठी गिअर ऑइल सोडा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलं आहे ते बोटावर घेऊन पाहा. राखाडी, ग्रीससारखा मऊ लेप नेहमीचाच असतो. पितळी चमक दिसली तर गिअर सहज पडू देणारा सिंक्रोनायझर झिजतोय. सुईच्या तुकड्यांसारखं किंवा पापुद्र्यांसारखं चकचकीत पोलाद मिळालं तर गाडी पुढे चालवू नका, गिअरबॉक्स उघडा. आता बेअरिंगांवर भागेल, नंतर मेन शाफ्टही बदलावा लागेल.

तुमच्या बाबतीत एक सोपा उपाय हातात होता. बिघाड क्लचचा होता, इंजिन ठणठणीत होतं. अशा वेळी मागच्या गाडीचं इंजिन आयडलला चालू ठेवून गिअर न्यूट्रलला ठेवायचा. इंजिन चालू असलं की इनपुट शाफ्ट आणि ले शाफ्ट फिरतात आणि गिअरबॉक्सला तेल मिळतं. ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आणि पॉवर स्टिअरिंगही चालतं. इंजिन बंद करून ओढली की पहिल्या दोन-तीन दाबांत बूस्टरचा साठा संपतो आणि ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट होतं. आदळाआदळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

इंजिनच बंद असेल आणि अंतर चार-पाच किलोमीटरच्या पुढचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट काढा. काम अर्ध्या तासाचं. सपाट जागा बघा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी न्यूट्रलला. डिफरन्शियलकडच्या फ्लँजवर आणि शाफ्टच्या फ्लँजवर मिळून एक आडवी रेघ रंगाने किंवा खडूने ओढा. परत बसवताना रेघ जुळली नाही तर शाफ्ट थरथरतो, आणि मग बॅलन्सिंगचं वेगळंच काम मागे लागतं. मागच्या फ्लँजचे चार बोल्ट काढा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगची कमानही सोडवावी लागते. पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये सरकणारं असेल तर शाफ्ट ओढताच तिथून तेल गळतं. तिथे जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून ट्यूबच्या रबराने घट्ट बांधा. फक्त मागचं टोक सोडून शाफ्ट तारेने चासीला टांगायचा शॉर्टकट नको. तार तुटली की शाफ्टचं टोक डांबरात रुततं आणि गाडी उचलली जाते.

शाफ्ट काढल्यावर एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आता गिअरमध्ये टाकून गाडी थांबत नाही. उतारावर हँडब्रेक आणि चाकाखाली दगड, दोन्ही हवेत. जुन्या जीपांच्या काही मॉडेलांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच असतो. तिथे शाफ्टबरोबर हँडब्रेकही गेला.

मोडलेलं डिफरन्शियलच असेल तर शाफ्ट काढून भागत नाही. हबच्या मधोमध बोल्टांची गोल प्लेट असलेल्या गाडीत ते बोल्ट काढून डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दोन्ही हाफ शाफ्ट ओढून घेता येतात, चाकं जागेवर राहून फिरतात. उघड्या तोंडांना फडकं आणि प्लॅस्टिक बांधा, नाहीतर धूळ थेट बेअरिंगात जाते. अशी प्लेट नसेल तर चाकच अ‍ॅक्सलवर बसलेलं असतं, त्या गाडीला क्रेनशिवाय इलाज नाही.

आता दोर. नियम सांगतो की दोन गाड्यांमधलं मोकळं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, दोर किंवा साखळी सहज दिसेल अशी हवी आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं. मागच्या गाडीत त्या गाडीचा परवाना असलेला माणूस बसलेला हवा, पोरगं बसवून चालत नाही. १९८९ च्या नियमावलीत टोचनाचा वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत बांधला होता. तिची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली आहे. तुम्ही २५ च्या आतच राहा.

हा आकडा उगाच ठरवलेला नाही. पुढच्याने जोरात ब्रेक मारला आणि मागच्याला पाय उचलायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात मधलं अंतर साधारण अडीच मीटरने कमी होतं. साडेतीन-चार मीटरच्या दोरात मग जेमतेम एका पावलाचं अंतर उरतं, आणि बूस्टर नसलेला ब्रेक लागायचा अजून बाकी असतो. म्हणून पुढच्याने ब्रेक मारायचाच नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यायचा. मागच्याने ब्रेकवर हलका पाय ठेवून दोर सतत ताणलेला ठेवायचा. दोर ढिला पडून परत ताणला की झटका बसतो, तो गाडीच्या वजनाइतका किंवा जास्तही होतो आणि दोर तुटतो तो तिथेच. पुढच्याने हाफ क्लचवर हळू निघून दोर ताणला गेल्यावरच वेग घ्यावा. वळणाआधी हात बाहेर काढून इशारा द्यावा. मागच्या गाडीचे चारही इंडिकेटर लागलेले असतील तर डावा-उजवा इशारा मिळत नाही, हे दोघांनी निघण्याआधीच बोलून घ्यावं.

चावी स्टिअरिंग मोकळं होईल तिथपर्यंत फिरवलेली आणि आतच हवी. वाटेत चावी काढली तर पहिल्या वळणाला स्टिअरिंग लॉक होतं.

आणि बीडहून येताना मांजरसुंब्याचा घाट असो की कन्नडचा, घाटात दोराने टोचन नको. उतारावर दोर ढिला राहतो आणि मागच्या गाडीचं सगळं वजन तिच्या स्वतःच्या अर्धवट ब्रेकवर येतं. तिथे क्रेनच बोलवा.

प्रश्न : पाथरीकडे शेतातून कापूस आणताना पिकअप काळ्या मातीत बसते. ट्रॅक्टरने ओढताना पुढचा हुक वाकला, मागच्या वर्षी तर बंपरच निघून आला. नक्की कुठे बांधायचं?

हुक वाकला याचा अर्थ रुतलेल्या गाडीवर झटका दिला गेला. डांबरी सपाट रस्त्यावर दोन टनांची गाडी ओढायला तीस-चाळीस किलोचा जोर पुरतो. ओल्या काळ्या मातीत तीच गाडी तीनशे ते सहाशे किलो मागते, आणि चाकं हबपर्यंत बसली असतील तर त्याहून जास्त. वरून कापसाचं ओझं. त्यामुळे ओढण्याआधीची वीस मिनिटं महत्त्वाची. माल उतरवा. फावड्याने प्रत्येक चाकापुढे उताराची चर काढा, नुसती चाकाभोवतीची माती उकरून उपयोग नाही. डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकला असेल तर त्याच्याखालचीही माती काढा. तोच मोठा अडसर असतो. चरीत तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पोती आडवी घाला. मागच्या टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण डांबरावर येताच परत भरायला हवी.

बांधायचं ते चासीला. समोरून चासीच्या कडीला किंवा क्रॉस मेंबरला. बंपर, टाय रॉड, स्टॅबिलायझर, पाट्यांचे शॅकल यांना हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंना कड्या असतील तर दोराचा व्ही करून दोन्हीकडे बांधा, पण व्ही अरुंद ठेवा. दोन टांगांमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक कडीवर एकूण जोराच्या ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येकीवर पूर्ण शंभर टक्के. म्हणजे दोन कड्या वापरून फायदा शून्य.

ट्रॅक्टरकडे दोर खालच्या ड्रॉबारलाच लावा. टॉप लिंकच्या पिनला किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर कुठेही लावलात तर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो मागे उलटतो, चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. हे आम्ही प्रत्येक पावसाळ्यात छापतो आणि छापत राहू. ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरला, सरळ रेषेत, दोर ताणून मग जोर. पिकअपने त्याच वेळी दुसऱ्या गिअरमध्ये हलका हात द्यावा. एकच चाक गरगर फिरत असेल तर लगेच थांबा. तसं फिरत राहिलं की डिफरन्शियलच्या आतले छोटे पिनियन तापून त्यांची पिन खरडते, आणि गाडी बाहेर निघाल्यावर वेगळाच खर्च उभा राहतो.

पोलादी वायर रोप शेतात नकोच. तुटली तर फटका माणसाला कापून जातो. जाड नायलॉनचा किंवा पट्ट्याचा दोर घ्या आणि दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका. दोर तुटला तर पोत्याच्या वजनाने तो खाली बसतो. बघे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर असावेत. जोडायला डी-शॅकल वापरा, त्याच्यावर भारक्षमता कोरलेली असते. न कोरलेला घेऊ नका. दोराला गाठी मारत बसू नका. गाठीत दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, आणि ताण आलेली गाठ नंतर कोयत्याशिवाय सुटत नाही.

प्रश्न : जालन्याला फॅब्रिकेशनचं काम करतो. गिऱ्हाईक टोचनासाठी लोखंडी दांडा मागतात. एक सरळ दांडा करावा की ए आकाराचा?

ए आकाराचा. सरळ दांड्यात अंतर पक्कं राहतं, आदळण्याची भीती जाते, पण मागची गाडी वळवायला चालकाला सतत स्टिअरिंग सांभाळावं लागतं. ए आकारात दोन टांगा चासीच्या दोन बाजूंना धरतात, त्यामुळे पुढची चाकं मागोमाग स्वतःच वळतात. चालक बसवायचाच, पण त्याचा हात हलका राहतो.

दोन टनांपर्यंतच्या रिकाम्या गाडीसाठी टांगांना ५० मिलिमीटरचा हेवी क्लासचा पाइप घ्या, बाहेरचा व्यास ६० आणि जाडी ४.५ मिलिमीटर. पट्टी किंवा अँगल नको, कारण ब्रेकच्या वेळी दांडा दाबात येतो आणि पट्टी वाकते. टांगा दीड ते पावणेदोन मीटर. डोळ्यांच्या प्लेटा १२ मिलिमीटर, पिना २५ मिलिमीटरच्या ईएन-८ पोलादाच्या, शेवटी पिन निसटू न देणारी आर-क्लिप. खिळा वाकवून पिनेत घालायची आपल्याकडची पद्धत बंद करा, खिळा घासून तुटतो. पाइपच्या टोकाला प्लेट नुसती टेकवून वेल्ड करू नका. पाइपला चीर पाडून प्लेट आत सरकवा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग घ्या.

गिऱ्हाइकाच्या हातून सगळ्यात जास्त मोडतं ते पुढचं टोक. ड्रॉबारच्या फटीत घट्ट बसणारी पिन दिली तर ती एकाच दिशेला फिरते. गतिरोधकावर पुढची गाडी वर चढते, मागची खाली असते, आणि तो सगळा पीळ दांड्यावर येतो. पुढच्या टोकाला बॉल कपलर किंवा सैल गोल कडी द्या, म्हणजे वर-खाली, डावी-उजवी आणि पिळाचीही हालचाल सुटी राहते. गाडीकडची दोन टोकं मात्र फक्त वर-खाली हलावीत. दांडा जोडून गाडी मागे घेऊ नये हे त्याच्यावर पिवळ्या रंगात लिहूनच द्या.

प्रश्न : आमच्याकडे फोर बाय फोर पिकअप आहे. तिला कसं ओढायचं?

फोर बाय फोर सुटलेलं आहे ना, हे आधी बघा. ट्रान्सफर केस 'फोर'मध्ये अडकलेली असताना क्रेनने पुढची चाकं उचलून मागची फिरू दिली तर ट्रान्सफर केस फुटू शकते. पुढच्या हबला लॉक असतील तर ते 'फ्री'वर. ट्रान्सफर केसला न्यूट्रल आहे का आणि ओढताना गिअरबॉक्स कशात ठेवायचा, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, मालकपुस्तकात असतं. पुस्तक हाताशी नसेल तर दोन्ही शाफ्ट काढा.

प्रश्न : इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेतलाय. बॅटरी संपली तर ओढून चार्जिंगपर्यंत न्यायचा का?

नाही. मोटर चाकांना कायम जोडलेली असते, मध्ये सुटणारा क्लच नसतो. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि ती बंद यंत्रणेत कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालूनच न्या. रस्त्याच्या कडेला सरकवायचा असेल तर चालण्याच्या वेगाने, ढकलून. ऑटोमॅटिक कारचंही असंच. तिचा तेलपंप इंजिनावर चालतो, म्हणून इंजिन बंद असताना, गिअरबॉक्सला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचलून नेता येते.

प्रश्न : समृद्धीवर जालन्याजवळ पिकअप बंद पडली. मागून ओळखीची गाडी आली होती, पण दोर लावू की नको ते कळेना.

नको. तिथे कार ताशी १२० ने येतात आणि तुम्ही पंचवीसने जाणार. मागच्याला तुमची गाडी चालती वाटते, ती रांगतेय हे कळेपर्यंत तो पोचलेला असतो. गाडी डावीकडे जितकी बाहेर जाईल तितकी काढा, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवा आणि माणसं कठड्यापलीकडे उभी करा, गाडीत नाही. बॅटरीची काळजी नको. इंडिकेटर आणि मागचे दिवे मिळून साधारण पाच अँपियर घेतात, चांगली ६० अँपियर-तासांची बॅटरी पाच-सहा तास सहज काढते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करायचा. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिचा मदत क्रमांक वेगळा आहे, तो निघण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा. क्रेनवाल्याला गाडीचं मॉडेल, माल भरलेला आहे की नाही, आणि चाकं फिरतात की जॅम आहेत, एवढं सांगा. म्हणजे तो योग्य गाडी घेऊन येतो.